बिनमिठाची आमटी आणि सुजलेले पाय

मी आमटीत मीठ घालत नाही, हे कुणाला पटतच नव्हतं. आमच्या लालबागच्या चाळीत आजारी एक जण पडतो आणि किस्से अख्ख्या मजल्यावर साचतात. आमच्या ह्यांची किडनी बिघडली तेव्हाचे, माझ्या वाट्याचे तेवढे सांगते. बाकीचे नळावर ऐका.

हे गिरणीतून सुटले की थेट मोर्चात. 'झालाच पाहिजे' ओरडत घरी यायचे. पण घसा धरून ताप आला, की दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी! मी म्हटलं, घशाचं आणि लघवीचं काहीतरी नातं आहे. शेजारच्या काशीबाई हसल्या. "अगं, घसा वर, लघवी खाली. मध्ये अख्खा माणूस आहे."

परळच्या डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी गढुळली. म्हणाले, "किडनीला सूज आहे. अंगातलं सत्त्व गळतंय. दर वेळी घसा धरला की ती आणखी दुखावते."

घरी येऊन काशीबाईंना सांगितलं, "मधला माणूस तपासला. नातं निघालं."

*

सासूबाईंनी वैदूची पुडी आणली होती. डॉक्टरांनी असलं काही देऊ नका म्हणून बजावलेलं. मी ती मोरीत ओतली.

"वैदू वळखीचो आसा गो," सासूबाई कळवळल्या.

"मग त्यालाच पाजा."

*

मीठ बंद झालं. पहिल्या दिवशी आमटीचा घास घेऊन ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मुंबई मीच देऊन टाकली.

खारा बांगडा गेला, पापड गेला, लोणच्याची बरणी माझ्या ट्रंकेत गेली. तरी पाय सुजलेलेच. प्रेशर चढलेलंच. डॉक्टर चिडले. "बाई, दया येऊन चोरून मीठ घालता का? प्रेशर असंच राहिलं तर ही किडनी टिकायची नाही. मग मी काही करू शकणार नाही."

मी अन्नाची शपथ घेतली. सासूबाई जिन्यात सांगत सुटल्या, "तिका घोवाची दया येता. गुपचूप घालता."

काशीबाईंना आमटी चाखायला दिली. एक घोट घेऊन म्हणाल्या, "सगळ्यांसमोर अशी, मागून तशी."

म्हणजे नवरा माझा मरणार आणि मारणारी मीच!

*

ह्यांचा घसा परत धरला. सासूबाईंनी रोजच्यासारखं गुळण्यांना मिठाचं गरम पाणी दिलं, चांगलं तांब्याभर. हे मोरीत गेले. गुळगुळ ऐकू आलं, थुंकल्याचा आवाज काही येईना. मी दार ढकललं. तांब्या रिकामा, मोरी कोरडी, आणि हे मिशी पुसतायत.

"तुझ्या आमटीपेक्षा बरं लागतं गं."

मी घरात अवाक्षर काढलं नाही. मला साक्षीदार हवे होते. पण त्या दिवसापासून गुळणीच्या वेळी मी मोरीच्या दारात उभी. "थुंका." थुंकायचे.

*

पाय उतरले. प्रेशर उतरलं. परळला जाताना मी सासूबाईंना नेलं, काशीबाईंनाही नेलं. डॉक्टरांनी नळी तापवली, उजेडात धरली. जेमतेम धूसर.

"छान. आता सांगा, मीठ घालत कोण होतं?"

"मी नाही," मी म्हटलं. "पण बघितलंय."

सासूबाई बाकावरून उठल्याच. "कोण तो मेलो? माझ्या झिलाच्या जिवावर उठलेलो? नाव घे त्येचा!"

मी पदर सावरला. लग्नातल्या उखाण्यानंतर जे कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते मोठ्याने घेतलं.

"दत्ताराम."