निकालानंतरचे नमस्कार

जपानच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीचा निकाल लागला आणि ‘परदेशी लोकांना आवरा’ म्हणणारा उमेदवार आमच्या भागातून निवडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरा ठेवायला गेलो, तर शेजारी नेहमीसारखेच वाकून नमस्कार करत होते. भारतातून इथं आल्यापासून सात वर्षं मला त्या वाकण्यात जिव्हाळा दिसायचा. आज मी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर त्याचं मत शोधत होतो.

शेजारच्या तानाकाबाईंनी परसातल्या काकड्या पुढे केल्या. “तुम्ही अजून इथंच राहणार ना?”

त्या ‘अजून’वर माझं मन अडलं. “हो,” मी तुटकपणे म्हणालो.

“बरं झालं. तुम्ही जाल की काय, अशी भीती वाटत होती मला.”

मी ओशाळलो. पण घरात येऊन दार लावताना मनात आलंच, मत कुणाला दिलं ते काही बाई बोलल्या नाहीत.