अर्ध्या तिकिटाचा डोस

सर्व लहानथोर वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या धाकट्या बहिणीला एके काळी दोन वयं होती. घरात ती चार वर्षांची होती आणि मोटारीत अडीच.

ही किमया आईची. आम्ही मोशीला राहायचो, आईचं माहेर चाकणला. सरकारी मोटारीत तीनच्या आतलं मूल मांडीवर घेतलं की फुकट जायचं. तीनच्या पुढं अर्धं तिकीट. म्हणून आईनं धाकटीला पढवून ठेवलं होतं, की खाकी कपड्यातल्या माणसानं वय विचारलं की अडीच म्हणायचं आणि मांडीवरून हलायचं नाही. धाकटीनं हे इतकं मनावर घेतलं होतं की एकदा दारात आलेल्या पोस्टमननं सहज विचारलं, तर अडीच म्हणून ती बसायला मांडी शोधू लागली.

गोम अशी होती की आईचा सख्खा भाऊ, आमचा मामा, त्याच रस्त्यावर कंडक्टर होता आणि राहायलाही आमच्याकडेच होता. मामा म्हणजे मोटारीत स्वतःच्या आईचंही तिकीट फाडणारा माणूस. त्यामुळे आई माहेरी निघायची ती मामाची ड्यूटी नसलेली मोटार गाठून. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या थंडीत मामाला खोकला झाला. चाकणच्या डॉक्टरांनी त्याला औषधाची बाटली दिली. काळपट, गोडसर औषध, आणि बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून तिला कात्रीनं खाचा पाडलेल्या. एक खाच म्हणजे एक डोस. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना नुकताच निघाला होता आणि वडील तिथं पाळीवर जात. औषधं जणू आमच्याच घरची, अशा थाटात आम्ही सगळे वागायचो.

मामाचा खोकला धाकटीला लागला. एका सकाळी ती खोकून खोकून लालभडक झाली. वडील कामावर गेले होते. आई म्हणाली, डॉक्टरकडं नेऊन आणू. मामा दुपारच्या ड्यूटीसाठी आधीच खाकी चढवून तयार होता. त्यानं बाटली उजेडात धरली, एक डोळा मिटला आणि निकाल दिला: पोरगी तीनच्या पुढची, बाराच्या आतली, म्हणजे अर्धी. अर्धी खाच. मोजून ओतल्यावर एक थेंब जास्त वाटला, तोही त्यानं परत बाटलीत सोडला. खोकला काही थांबेना, तेव्हा थोड्या वेळानं आणखी अर्धी खाच दिली.

मग खोकला थांबला. धाकटी झोपली. मामा बाटलीकडे असा बघत होता की जणू त्यानंच ती कारखान्यात भरली होती.

भाकऱ्या झाल्यावर मी तिला उठवायला गेले. हाका मारल्या, उठेना. मग मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. नुसतं बोट दाखवलं तरी खिदळणारी पोरगी, पण तिचा पायसुद्धा हलला नाही. आईनं तिला उचलून उभं धरलं, तर मान मागं लोंबली. श्वास चालू होता. पण एक श्वास गेला की दुसरा येईपर्यंत आम्ही तिघंही आपापला श्वास धरून बसायचो.

मोटार आली. तिच्यावर मामाचाच सोबती कंडक्टर होता. मामानं दोन पुरी, दोन अर्धी मागितली. तो म्हणाला, "राव, पोरीची ही दशा, आन् तिकीट कसलं मागतोस?" मामानं तिकीट घेतलंच. पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी धाकटीच्या छातीवर हात ठेवून बसले होते, आणि रस्त्यात खड्डा आला की मला कळायचं नाही, हललं ते तिची छाती की मोटार.

डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बॅटरीचा उजेड टाकला आणि काय दिलं ते विचारलं. मामानं बाटली पुढं केली. अर्धा डोस, दोनदा.

"अर्धा का?"

"चार वर्षांची हाय, साहेब. अर्धं तिकीट."

डॉक्टरांनी त्याच्या हातातली बाटली काढून घेतली. मग त्यांनी सुई टोचली, धाकटीला आईच्या आधारानं बसतं केलं, सारखं बोलत राहा म्हणाले, आणि स्वतः तिच्या नाकाशी बोट धरून बसले. तसंच बसून, आवाज न चढवता, त्यांनी मामाला सांगितलं, की मूल म्हणजे कापून अर्धा केलेला मोठा माणूस नव्हे. वजनानं ही तुझी चौथाईसुद्धा नाही, मग अर्धं कुठून आलं? आणि नुसत्या वजनानंही भागत नाही. पोटातलं यकृत औषधाचा निकाल लावतं, पण मुलांचं यकृत आपल्या हिशोबानं चालत नाही. काही औषधं मुलं आपल्यापेक्षा भराभर संपवतात, काही त्यांच्या अंगात रेंगाळतात. या बाटलीत अफूचा अर्क आहे. तुझा नुसता खोकला दबतो, त्यानं हिचा श्वासच दबतो.

मामा भिंतीला टेकला. आई धाकटीला हाका मारत होती, मारता मारता तिचा आवाज बसला. मग मी हाका मारू लागले. माझ्या ठेवणीतल्या सगळ्या खोड्या तिला कबूल करून टाकल्या, चिडून तरी उठेल म्हणून.

उन्हं कलली तेव्हा ती कण्हली. मग डोळे उघडले, पण नजर कुठंच ठरेना. डॉक्टर म्हणाले, श्वास सुधारलाय, पण डोकं ताळ्यावर आहे का ते बघू. हिला पक्कं पाठ असेल असं काहीतरी विचारा.

आईचा आवाज तर बसलेलाच होता. मामा पुढं झाला, खाकीतच गुडघ्यावर बसला. चार एवढं एकच उत्तर त्याला हवं होतं.

"बाळे, वय किती गं तुझं?"

धाकटीची नजर त्याच्या पितळी बटणांवर ठरली. ती सावकाश सरकली, आईच्या मांडीवर नीट चढून बसली आणि ठासून म्हणाली, "अडीच. मी मांडीवरच बसते."