गेंगने पोराला चावडीवर नेलं

कोंबडा आरवायच्या आधी गेंग उठे आणि तटाच्या कामावरचा नगारा वाजायच्या आत तिथे उभा असे. लू राज्याच्या कडेला असलेल्या त्या गावात मातीचा तट चढत होता. दोन फळ्यांमध्ये ओलसर मातीचा थर टाकायचा आणि जड लाकडी धुम्मसाने ठोकून तो निम्मा करायचा. धुम्मस खांद्यापर्यंत उचललं पाहिजे. कुणी कमरेवरून टाकलं, तर गेंगला आवाजावरून कळे. तो सगळा थर उकरायला लावी. मुलगा शुआन हाताखाली होता, त्यालाही सूट नव्हती.

त्या वसंतात गावात खायला उरलं नव्हतं. शुआनने सरकारी कोठारातून राळ्याचं पोतं पळवलं. घरी तिघांनी ते खाल्लं, आणि संपल्यावर त्याने बापाला खरं सांगितलं. तेवढ्यात नवा कारभारी आला. लू राज्यातल्या थोर गुरूपाशी शिकलेला माणूस. आल्या आल्या त्याने कोठार उघडून धान्य वाटलं, वेठ कमी केली आणि जाहीर केलं, लोकांना आधी शिकवायचं. न शिकवता शिक्षा करणं हा जुलूम.

वाटणीचा फुकटचा राळा पुढ्यात आला, तसा गेंगने वाडगा बाजूला सारला.

"देणाऱ्याच्या घरात चोरी केलीस तू."

"बाबा, तेव्हा तो आला तरी होता का?"

"उद्या चावडीवर चल. स्वतःहून सांगितलं तर कारभारी नुसती समज देऊन सोडेल."

तटावरचा जोडीदार बाओ याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे येड्या, खाल्लं, पचलं. आता काय पोटातून काढून देणार? गप बस की!"

गेंग गप बसला नाही.

भरल्या चावडीत त्याने गुडघे टेकले. "मालक, माझ्या पोरानं कोठारातलं पोतं चोरलं. त्याला दोन शब्द सुनवा. भरपाईला माझ्याकडून दुप्पट काम घ्या."

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. "तू बाप ना याचा?"

"होय, मालक."

"मग तूच कसा सांगायला आलास? बापानं मुलाचं झाकावं, मुलानं बापाचं. घरात तेवढंही उरलं नाही, तर मी राज्यात काय शिकवू?"

"पण लाज वाटली पाहिजे, असं तुम्हीच..."

"लाज घरात वाटायची. तू झाकलं असतंस, तर मी शोधायला आलो नसतो. आता सगळ्यांनी ऐकलं. कोठारातल्या चोरीला पाय तोडायचा, हा जुना दंड आहे. आज याला सोडलं, तर उद्या वाटायला धान्य उरणार नाही."

हे सांगताना त्याचे डोळे ओले झाले होते. ते खोटं नव्हतं. त्याच दुपारी शुआनचा डावा पाय घोट्यापासून तोडला. संध्याकाळी कारभाऱ्याने घरी औषध पाठवलं, सोबत राळ्याचं पोतं. गेंगच्या बायकोने ते आत ओढलं. भूक होतीच.

जखम भरल्यावर गेंग शुआनला उठवायला खाली वाकला.

"राहू दे," शुआन म्हणाला. "आता आधार देतोस? तेव्हा पाठीशी घालायचं होतंस."

त्यानंतर तो बापाशी बोलला नाही. गेंग तटावर जातच राहिला. लोक त्याच्या शेजारी धुम्मस घ्यायचं टाळत. कोण जाणे, हा आपलंही काही जाऊन सांगायचा.

शरद ऋतूत मजुरी म्हणून मिळायचं ते कापड हाती आलं. ते काखेत धरून गेंग बाजारात गेला. पाय तोडलेल्यांसाठी लाकडी जोडे करणाऱ्याकडे गर्दी होती.

"डावा की उजवा?"

"डावा."

"मोठा माणूस?"

"एकोणीस वर्षांचा."

कारागिराने कापड मोजलं आणि सगळं ठेवून घेतलं. तेवढ्या कापडात एका पायाचा एकच जोडा आला.