फूड कोर्टपाशी समुद्र होता

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी सकाळी साडेसातला मी मॉलच्या बाजूच्या दाराशी उभी होते आणि देस्पिना आली नाही. दुकानं उघडतात दहाला, पण आम्हा म्हाताऱ्यांना चालता यावं म्हणून इथे मिसिसागात ते दार लवकर उघडून ठेवतात. बाहेर बर्फ, त्यात पाय घसरला की माकडहाड गेलंच, म्हणून हिवाळाभर आम्ही सगळे मॉलच्या आतच फेऱ्या मारतो. सात वर्षांत देस्पिना दोनदाच चुकली होती, तीही आदल्या दिवशी सांगून. मी बाकावर बसून राहिले. आठ वाजून गेले तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज कोवळा. "इज धिस रोझी फ्रॉम द वॉकिंग?" देस्पिनाची नात, ॲना, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, सरेहून बोलत होती. तिची याया, म्हणजे त्यांच्या ग्रीकमध्ये आजी, झोपेतच गेली होती. "कोणाला कळवायचं याची यादी तिने लिहून ठेवलीय, त्यात पहिले माझे बाबा आहेत," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या तुम्ही." मी फोन ठेवला आणि काय करावं ते न सुचून एक फेरी मारली. एकटीने. आमची फेरी मारायची राहिली होती ना त्या दिवसाची...

मी वसईची. शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. नातवंडं सांभाळायला म्हणून मुलाने बोलावून घेतलं, नातवंडं मोठी झाली आणि मी इथलीच होऊन गेले. इंग्रजी शिकले ती ग्रोसरीचे फ्लायर, म्हणजे सवलतींची जाहिरातपत्रकं, वाचून, त्यामुळे भोपळी मिरची, कोंबडी आणि साबण यांवर माझा हात कोणी धरणार नाही, पण पुढे गाडी अडायची. देस्पिनाची इंग्रजी शिवणाच्या फॅक्टरीतली. दोघींची मोडकी इंग्रजी एकत्र केली की एक धड भाषा व्हायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं, तू कुठली? मी सांगितलं. तू कुठली विचारलं तर म्हणाली, "थेस्सालोनिकी." मी जागीच थांबले. म्हटलं, अगं, म्हणजे थेस्सलनीका? आमच्या चर्चमध्ये बायबलमधली दोन जुनी पत्रं वाचतात, ती तुमच्याच गावच्या लोकांना लिहिलेली आहेत. लहानपणापासून ऐकतेय, पण त्या गावाला खरोखरची माणसं असतील असं कधी मनात आलं नव्हतं. देस्पिना म्हणाली, "दोन पत्रं आली खरी, पण आम्ही उत्तर पाठवल्याचं कोणी सांगत नाही. आमचे लोक पत्रांच्या बाबतीत फार आळशी." तेव्हाच मी ठरवलं, चालायचं ते हिच्याच बरोबर.

त्या मॉलमध्ये देस्पिनाने आपलं सगळं शहर मांडून ठेवलं होतं. फूड कोर्ट म्हणजे समुद्र आणि बंदर. बुटांचं मोठं दुकान म्हणजे पांढरा बुरूज. सरकता जिना म्हणजे वरच्या वस्तीची चढण, तिथे तिचं घर. चालायचा नियम एकच, सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं, नाहीतर म्हातारे एकमेकांवर आपटतात. त्या दिशेने जाताना एकेक ठिकाण आलं की त्या ठिकाणची गोष्ट निघायची. बंदरापाशी आलो की म्हणायची, "रोझी मू, शंभर वर्षांपूर्वी शनिवारी इथे एक गोणी हलायची नाही." मू म्हणजे माझी, आपण रोझीबाय म्हणतो तसं. बंदरातले हमाल बहुतेक सगळे यहुदी, शनिवार त्यांचा सुट्टीचा दिवस, म्हणून जहाज कोणाचंही असो, थांबायचं. मला हे चांगलंच पटलं. आमचे कोळीही सणाला होडी काढत नाहीत, मग गिऱ्हाईक कितीही बोंबलो. पुढे बुरूज यायचा. तो पूर्वी तुरुंग होता, एका कैद्याने अख्खा चुन्याने रंगवला आणि बदल्यात सुटका मिळवली. "नवरा चाळीस वर्षं बेसमेंट रंगवतो म्हणत होता," देस्पिना म्हणायची, "त्याला कोणी तुरुंगात टाकलं नाही, म्हणून राहिलं." मग दिव्यांच्या दुकानापाशी मोठी आग. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात वांगी तळताना ठिणगी उडाली म्हणतात, आणि अर्धं शहर गेलं. घरी वांग्याचे काप करताना मी आजही दोनदा स्टोव्हकडे बघते.

मी तिला आमचा किल्ला सांगायचे, पोर्तुगीज कसे आले, मराठ्यांनी कसा घेतला, नंतर इंग्रज. ती विचारायची, "आता कोण राहतं तिथे?" मी म्हणायचे, बकऱ्या आणि लग्नाचे फोटो काढणारे. ती इतकी हसायची की आम्हाला बाकावर बसावं लागायचं. तिच्या गावातही हेच. कोण आले, कोण गेले... तिची आई समुद्रापलीकडून आली, तान्ही, हद्दी बदलल्या आणि लोकांची अदलाबदल झाली तेव्हा. वरच्या वस्तीतलं घर मिळालं ते तिकडे पाठवलेल्या तुर्की कुटुंबाचं. देस्पिना म्हणायची, आमच्या अंगणातल्या डाळिंबाला कुठल्या भाषेत हाक मारायची हेच आईला कळेना.

एका जागेपाशी मात्र ती गोष्ट सांगत नसे. फेरीच्या शेवटी, फूड कोर्टच्या अलीकडे एक बोळ आहे. टोकाला बंद पडलेलं मोठं दुकान, शटर ओढलेलं. सगळे चालणारे त्या शटरपर्यंत जाऊन येतात, पावलं वाढतात म्हणून. आम्ही दोघी बोळाच्या तोंडाशीच वळायचो. मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं तिचा गुडघा.

मग गेल्या नाताळाआधी एकदा ती तिथे थांबली आणि म्हणाली, "ते स्टेशन." आणि मला आत घेऊन गेली. युद्धात जर्मनांनी शहरातल्या यहुदी लोकांना आगगाड्यांत भरून नेलं, जवळजवळ सगळ्यांना, ते परत आले नाहीत. देस्पिना तेव्हा पाळण्यात. तेव्हा तिचे आईवडील खाली शहरात भाड्याने राहत आणि समोर राखेल नावाची शिवणकाम करणारी बाई राहायची. देस्पिनाची पहिली झबली तिनेच शिवलेली. नेलं त्या सकाळी राखेलने गाठोडं घेऊन रस्त्यातून वर बघितलं, आणि देस्पिनाच्या आईने खिडकीची झडप लावून घेतली. भीतीने. एवढंच. नंतर आईने उभ्या जन्मात कुठल्याच खिडकीची झडप लावली नाही, हिवाळ्यातसुद्धा. देस्पिना मला म्हणाली, "मी ॲनाला समुद्र सांगितला, बुरूज सांगितला. हे नाही सांगितलं. ती इथे होती तेव्हा प्रत्येक वेळी ठरवायचे, आणि फूड कोर्ट आलं की कॉफी घेऊ म्हणायचे. मला नाही जमलं तर तू सांगशील?" मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं... मला वाटलं होतं, तीच सांगेल.

चाळिसाव्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. आपली गव्हाची खीर असते ना, तसेच उकडलेले गहू, पण कोरडे, साखर, बदाम आणि डाळिंबाचे दाणे घातलेले, कागदी पिशव्यांतून सगळ्यांना दिले. ॲना सरेहून आली होती. सत्तावीस वर्षांची, उंच, डोळे देस्पिनाचे. मला म्हणाली, "रोझी आँटी, मला तुमची ती वॉक दाखवाल? याया फोनवर तेवढंच बोलायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला आम्ही निघालो. मी माझ्या फ्लायरच्या इंग्रजीत शहर सांगत होते. हमाल सांगितले, कैदी सांगितला, बेसमेंटचा विनोद सांगितला, ती हसली. पण मी कोण वसईची बाई, या पोरीला तिच्याच पणजीची झडप सांगणार? आजी गेल्याला सव्वा महिना होतोय, तिला आनंदाने जाऊ द्यावं की. बोळाचं तोंड आलं आणि खरं सांगते, माझ्या तोंडून निघून गेलं, "चल, कॉफी घेऊ."

ॲना थांबली. म्हणाली, "याया पण इथेच असं म्हणायची. मी लहान होते तेव्हा. एव्हरी सिंगल टाइम." मग शटरकडे बघून म्हणाली, "आँटी, तिकडे काय आहे?"

आता पळायला जागा नव्हती. मी तिचा हात धरला आणि शटरपर्यंत गेले. सगळं सांगितलं. शब्द अडले तिथे हाताने झडप ओढून दाखवली. मला वाटलं, रोझी, तू बिघडवलंस सगळं. मग तिने विचारलं, "तिचं नाव काय होतं?" मी म्हटलं, राखेल. ती हळूच म्हणाली, "राखेल." मग पुन्हा एकदा, नीट पाठ करायला म्हणावं तसं. "मला कोणी सांगितलं असतं तर मी यायाला विचारलं असतं," ती म्हणाली. "तिला हे एकटीला वाहावं लागलं नसतं." मग आम्ही कॉफी घेतली. एक मोठी आणि एक रिकामा कप, अर्धी अर्धी, देस्पिना घ्यायची तशी.

दोन आठवड्यांनी ॲनाचा व्हिडिओ कॉल. मागे निळं पाणी, वारा नुसता. सुट्टी काढून पोरगी थेट तिकडे पोचली होती. म्हणाली, "आँटी, तुम्ही मला सगळं उलटं दाखवलंत. समुद्राकडे तोंड केलं की बुरूज डाव्या हाताला आहे. तुम्ही उजव्या हाताला दाखवला. मी तासभर चुकीच्या बाजूला चालत होते." मी म्हटलं, अगं, तुझ्या आजीने दाखवला तसाच दाखवला. मग दोघींच्याही लक्षात आलं. मॉलमध्ये एकाच दिशेने चालायचा नियम, ती दिशा तिच्या गावाच्या नेमकी उलटी, आणि देस्पिनाला गोष्ट बंदरापासूनच सुरू करायची असायची. म्हणून बाईने नियम मोडला नाही, अख्खं शहर आरशात धरावं तसं फिरवून घेतलं. ॲना हसता हसता रडायला लागली. जुन्या स्टेशनवर जाऊन तिने राखेलचं नाव घेतलं होतं. आणि चुकीच्या बाजूला चालताना एक म्हातारा भेटला, त्याने रस्ता दाखवायच्या नादात स्वतःच्या गल्लीची गोष्ट सांगितली, ती तिने वहीत लिहून घेतली होती. वही घेतलीय म्हणजे ती पुढेही विचारत राहणार.

तिने मला सुचवलं, आँटी, आता तुम्ही उलट दिशेने चाला, म्हणजे शहर बरोबर येईल. मी नाही म्हटलं. मला देस्पिनाचं शहर येतं, तेच बरं. बुरूज माझ्या उजव्या हाताला. पण आता बोळापाशी वळत नाही. शटरपर्यंत जाते, थंड पत्र्यावर तळवा टेकते, राखेलचं नाव घेते, आता त्यामागून देस्पिनाचंही, आणि मग कॉफी. काल माझ्या मागून दोघीजणी आल्या, एक पंजाबी, एक पोर्तुगीज, नव्यानेच चालायला लागल्यात. पंजाबी बाईने हिंदीत विचारलं, रोझीजी, रोज इथे हात लावता, इथे आहे काय?

मी म्हटलं, स्टेशन. पण ते शेवटी येतं. उद्या साडेसातला या, बंदरापासून सुरू करू.