गेटच्या अलीकडे

हेमलता मुळावकरने मुलांना घेऊन ओसाकाला जायचं ठरवलं, तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारलं, की कोणत्या टूरबरोबर? कोणत्याच नाही, असं तिने सांगितलं. दुसरा प्रश्न नवऱ्याबद्दल असायचा. तो येणार नव्हता.

हेमलता मूळची पुसदची. पदवी घेतल्यावर तिने केंद्र सरकारच्या भरतीची परीक्षा दिली, दिल्लीला आली आणि परराष्ट्र खात्यात लागली. आज ती तिथे सहायक विभाग अधिकारी आहे. नवरा श्रीरंग दुसऱ्या एका मंत्रालयात आहे. दोघं आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. क्षिप्रा नववीत, आशय चौथीत.

तिच्या खात्यात परदेशातली नेमणूक ही नवलाची गोष्ट नाही. कर्मचारी तीन वर्षं बाहेर जातात आणि परत येतात. हेमलताला तशी संधी दोनदा आली होती. पहिल्या वेळी काठमांडू होतं आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या वेळी आशय तान्हा होता. दोन्ही वेळा तिने नकार कळवला आणि त्याबद्दल कुरकुर केली नाही. या वर्षी तिसऱ्यांदा विचारणा झाली, ती ओसाकाच्या कार्यालयासाठी. रुजू व्हायचं होतं डिसेंबरात, उत्तर जूनअखेर द्यायचं होतं. श्रीरंगला तीन वर्षांची रजा मिळण्यासारखी नव्हती. म्हणजे जायचं तर दोन मुलांना घेऊन एकटीने.

तिच्या ओळखीच्या बायकांनी अशा वेळी मैत्रिणींना विचारलं असतं, आईला विचारलं असतं. हेमलताने तिकिटं काढली.

"मीही येतो ना," श्रीरंग म्हणाला. "आठ दिवसांची रजा तर मिळेल."

"तू नको. तीन वर्षं तू नसणारच आहेस."

"अगं, पण फिरायला म्हणून तरी..."

"फिरायला चाललेलेच नाही."

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या जयेशला हे कळलं, तेव्हा त्याला हसू आवरेना. "मॅडम, लोग सरकारी खर्चे पे फॉरेन जाते हैं. आप अपनी जेब से रिहर्सल करने जा रही हैं!"

"हां, रिहर्सल ही है," ती म्हणाली. त्यानंतर जयेशने तो विनोद पुन्हा केला नाही.

ओसाकात पहिले दोन दिवस तिने मुलांना जे दाखवलं, ते कुठल्याही टूरने दाखवलं नसतं. किल्ला अर्ध्या दिवसात उरकला. बाकी वेळ एका वस्तीत गेला, जिथे भाड्याचं घर मिळण्याची शक्यता होती. तिथलं किराण्याचं दुकान, दवाखाना, जवळचं स्टेशन. तिघंही शाकाहारी, म्हणून दुकानात ती प्रत्येक पाकिटावर मोबाइल धरून वाचत होती, की यात मासा आहे की नाही. बहुतेकांत होता. मिसोच्या सुपात होता, नूडल्सच्या पाण्यात होता, ज्या भज्यांवर तिने भिस्त ठेवली होती त्यांच्या चटणीतही होता. एका खाण्याच्या दुकानात कोबीचा जाड घावन सांगितला. तो समोर आला तेव्हा वर पातळ कागदासारख्या चकत्या वाफेने हलत होत्या.

"आई, हे जिवंत आहे," आशय म्हणाला.

"वाळवलेला मासा आहे," क्षिप्राने मोबाइलवर बघून सांगितलं. "चलो, उठा."

तिघं उठले. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून साधा भात घेतला आणि हॉटेलच्या खोलीत मेतकूट-तूप घालून खाल्ला. मेतकुटाची बरणी हेमलताने दिल्लीहून आणली होती. तीन वर्षांना अशा किती लागतील, याचा अंदाज तिने तिथल्या तिथे बांधला.

"ही ट्रिप आहे का इन्स्पेक्शन?" क्षिप्राने विचारलं.

"इन्स्पेक्शन. उद्या मत्स्यालय आहे, ती ट्रिप."

आशय मात्र खूश होता. लोकलच्या डब्यात त्याने त्याच्याहून लहान एक मुलगा पाहिला होता. पाठीवर पेटीसारखं कडक दप्तर, डोक्यावर पिवळी टोपी, आणि बरोबर कोणी नाही. तो मुलगा आपल्या स्टेशनवर उतरून चालू लागला.

"ह्याची मम्मी किधर है?"

"घरी असेल. नाहीतर ऑफिसात."

आशय बराच वेळ दाराकडे बघत राहिला. लहान मुलांचं कार्ड गेटला लावलं की यंत्रातून पिलाच्या चिवचिवीसारखा आवाज येतो. तो आवाज काढायला मिळावा म्हणून तो स्टेशनात जायला कायम तयार असे. कार्ड त्याच्या गळ्यात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून निघण्याआधी हेमलताने दोघांना बसवून सांगितलं. मोठ्या स्टेशनात चुकामूक झाली तर मधल्या गेटपाशी यायचं. "गेटच्या अलीकडे थांबायचं. पलीकडे जायचं नाही. एका जागी उभं राहायचं, मी येईन."

"याला अलीकडे-पलीकडे कळतं का विचार आधी," क्षिप्रा म्हणाली. दिल्लीत वाढलेल्या मुलांचे काही मराठी शब्द गळतात, तसे आशयचे बरेच गळले होते. उजवं-डावं तो हिंदीत विचारून घेई.

"माहितेय मला," आशय म्हणाला. "बिल्कुल माहितेय."

मत्स्यालय पाहून परत येताना चुकामूक झालीच. ओसाकात सरकत्या जिन्यावर लोक उजवीकडे उभे राहतात, डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवतात. फलाटावरून खाली येताना आशय डावीकडे उभा राहिला. मागून घाईचे लोक आले, त्यांना जागा द्यायला तो भराभर उतरू लागला आणि खालच्या गर्दीत दिसेनासा झाला.

हेमलता आणि क्षिप्रा त्याच्या मागे गेल्या. मधल्या गेटवर कार्ड लावून बाहेर पडल्या, वळून पाहिलं. आशय नव्हता.

"तुझ्याबरोबर होता ना?" हेमलताने विचारलं.

"माझ्या पुढे होता. पुढे गेला तो."

पुढे गेला म्हणजे बाहेर आला असणार, असं दोघींनी धरलं. गेटच्या बाहेरची लांबरुंद जागा त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. खांबांमागे, फुलांच्या दुकानापाशी, पाण्याच्या यंत्रापाशी पाहिलं. मग हेमलता गेटसमोर येऊन उभी राहिली. एका जागी उभं राहायचं असं तिनेच सांगितलं होतं. लोक दोन्ही बाजूंनी वाहत होते.

"आई, काहीतरी कर ना यार. नुसती उभी काय आहेस?"

"मी हलले आणि तो इथे आला तर?"

"बाबांना फोन करू?"

"नाही."

"अगं, निदान सांगू तरी..."

"दिल्लीतून त्यांना काय दिसणार आहे, क्षिप्रा? नाही म्हटलं ना."

क्षिप्राचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला राग येत होता. हेमलताचा चेहरा ऑफिसात फाइल वाचताना असतो तसा होता. पर्सचा पट्टा मात्र तिने हाताला दोनदा गुंडाळला होता. मुलगा येत नव्हता. उभं राहून भागणार नाही हे तिला मान्य करावं लागलं. क्षिप्राला तिथेच ठेवून ती गेटांच्या रांगेतल्या काचेच्या केबिनकडे गेली. आत पांढरे हातमोजे घातलेला एक कर्मचारी होता. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. तिने मोबाइलवरचं भाषांतराचं अ‍ॅप उघडलं. इंग्रजीत बोलायला हवं हे तिला माहीत होतं. तोंडातून मराठी निघालं.

"माझा मुलगा हरवलाय. तो गेटच्या अलीकडे उभा असेल."

मोबाइल जपानीत बोलला. कर्मचाऱ्याने लक्ष देऊन ऐकलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक वाक्य मोबाइलमध्ये सांगितलं. मोबाइलने ते मराठीत वाचून दाखवलं: "अलीकडच्या काळात म्हणजे कधीपासून?"

क्षिप्रा तिथवर आली होती. तिला रडताना हसू फुटलं. "आई, त्याला वाटतंय रिसेंटली!"

"तू जागा का सोडलीस?"

"दिसतेय ना जागा इथून!"

हेमलताने मोबाइल खाली ठेवला आणि हाताने उंची दाखवली, एवढा मुलगा. गळ्याकडे हात नेऊन कार्ड दाखवलं. ते त्याला लगेच कळलं. मग त्याने तिला विचारलं, तेही हातानेच. एक तळवा स्टेशनच्या आतल्या बाजूला केला, दुसरा रस्त्याच्या बाजूला. कोणत्या बाजूला?

हेमलता आपल्या पायांखालची जमीन दाखवणार होती. बोट अर्ध्यावर थांबलं. त्या केबिनला दोन खिडक्या होत्या. एक रस्त्याकडे, जिच्यासमोर ती उभी होती. दुसरी फलाटांकडे. तिथेही कोणी प्रवासी काही विचारायला येऊन थांबला होता, आणि त्याच्यासाठी ती त्याची अलीकडची बाजू होती.

सकाळी खोलीत बोलताना तिच्या डोळ्यांसमोर हॉटेलातून स्टेशनात जाणं होतं. तिच्या लेखी अलीकडे म्हणजे रस्त्याची बाजू. चुकामूक झाली ती गाडीतून उतरताना.

"आत," ती म्हणाली आणि आतल्या बाजूला हात केला. कर्मचाऱ्याने कडेचं फाटक उघडलं.

आशय आत एका रुंद खांबाला पाठ लावून उभा होता. बाहेरून तो खांबच दिसत होता, त्यामागचा मुलगा दिसत नव्हता; आणि फलाटाकडून येताना दोघी गर्दीत त्याच्या बाजूने निघून गेल्या होत्या. रडलेला नव्हता, चिडलेला होता.

"कितनी देर लगाई! मी कधीचा अलीकडे उभा आहे."

"बुद्धू, हे पलीकडे आहे!" क्षिप्राने त्याचा दंड धरला.

"तुझ्यासाठी असेल. मी तर ट्रेनमधून आलो. ट्रेनमधून आलं की हेच अलीकडे."

क्षिप्राने आईकडे पाहिलं. आई त्याला दोन शब्द सुनावेल अशी तिची अपेक्षा होती.

"बरोबर आहे त्याचं," हेमलता म्हणाली. "मी नीट सांगितलं नव्हतं." मग तिने त्याला जवळ ओढलं आणि एवढ्या जोरात धरलं, की त्याने "कार्ड टोचतंय" म्हणून तक्रार केली.

संध्याकाळी खोलीत आंबट आलुबुखार भरलेले भाताचे गोळे खाताना क्षिप्रा बोलली.

"तो दिसला नाही तेव्हा तू पहिल्यांदा मला काय विचारलंस आठवतं?"

"काय?"

"'तुझ्याबरोबर होता ना?' तू स्वतः होतीस तिथे. माझ्याएवढीच होतीस. तरी माझ्याबरोबर होता."

हेमलताने हातातला गोळा खाली ठेवला.

"इथे आलो तर रोज तेच होणार," क्षिप्रा म्हणाली. "तू ऑफिसात. त्याला आणायचं मी, खायला द्यायचं मी, उशीर झाला तर विचारणार मला. मी इथे दहावी करायला येणार का याची आया व्हायला?"

"मला आया नकोय," आशय म्हणाला. "तो पिवळ्या टोपीवाला एकटा जातो."

"तू गप रे. तुला हलणारा मासा बघून घाम फुटला होता."

"मासा वेगळा."

हेमलताने मुलीला समजावलं नाही. असं होणार नाही, मी बघेन, असंही म्हणाली नाही. कारण असंच होणार होतं. उशिरापर्यंत थांबावं लागणारी कामं परदेशातल्या कार्यालयात असतात हे तिला ठाऊक होतं, आणि अशा दिवशी ती कोणाला फोन करणार हेही.

"तुला यायचं नाही?" तिने विचारलं.

"नाही. दहावी दिल्लीतून करते, बाबांबरोबर. मग बघू." क्षिप्रा पुढे म्हणाली, "पण तू नकार कळवू नकोस हां. माझ्यामुळे नाही म्हणालीस असं मला जन्मभर ऐकायचं नाहीये."

श्रीरंगला फोन लावला तेव्हा हेमलताने स्टेशनातली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, स्वतःची चूक वगळली नाही. पलीकडे श्रीरंगने मोठा श्वास घेतला.

"म्हणजे नाही कळवायचं?"

"हो कळवायचं. मी आणि आशय जाणार. क्षिप्रा तुझ्याकडे राहील."

"अगं, मुलगा हरवला होता तुझा आज!"

"हरवला नव्हता. सांगितलेल्या जागी उभा होता. मी चुकीच्या जागी उभी होते."

"आणि मी दहावीच्या मुलीला एकटा..." श्रीरंग बोलता बोलता थांबला. एकट्याने मूल सांभाळण्याची अडचण कोणाला सांगतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. "तिला विचारलंस?"

"तिनेच सांगितलं. दे तिला?"

क्षिप्राने फोन घेतला. "बाबा, मेतकूट खायला नाही घालायचं मला, आधीच सांगते," असं म्हणून ती खिडकीपाशी गेली. पुढचं बोलणं हेमलताने ऐकलं नाही. ती आशयबरोबर जमिनीवर बसली होती. नकाशावर बोट ठेवून तो सांगत होता, की आता नियम असा: आपण कुठून येतोय ते आधी म्हणायचं, मग अलीकडे म्हणायचं.

दिल्लीला परतल्यावर सोमवारी ती अवर सचिवांच्या खोलीत गेली. ते उत्तर प्रदेशातले, निवृत्तीला आलेले गृहस्थ होते.

"तो फिर, ओसाका?"

"जी."

"बच्चे दोनों?"

"एक. बेटी दसवीं यहीं करेगी, पापा के पास."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "छोटा वाला अकेले संभल जाएगा वहां?"

"वो संभल जाएगा, सर. मुझे ही थोडा साफ बोलना सीखना पडेगा."

"हां, हां," ते समजुतीने म्हणाले, "जापानी तो सीखनी ही पडती है."

हेमलताने त्यांची चूक दुरुस्त केली नाही.