ओंद्रेय बाब्चानची बोटं

ओंद्रेय बाब्चानने गेल्या सोळा वर्षांत घरात कांदा चिरला नव्हता, लाकूड फोडलं नव्हतं, की शेगडीवरचं भांडं उतरवलं नव्हतं. वेरोना त्याला करूच देत नसे. रोज जेवणं झाली की ती त्याच्या दहाही बोटांना मेंढीच्या लोकरीची चरबी चोळायची. शेजारची इलोना दारातून बघायची आणि म्हणायची, "अगं, झोपताना काढून कपाटात ठेवतेस की काय ती बोटं? कुलूप लाव हो नीट!"

"लावीन. जागा उरली तर तुझ्या नवऱ्याची जीभही आत ठेवीन," वेरोना म्हणायची.

थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. अमेरिकेतल्या ग्लव्हर्सव्हिलमध्ये अर्ध्या गावाचं पोट कातड्यावर चालायचं आणि त्या कातड्याची प्रत ठरवणारी बोटं मोजकीच होती. ओंद्रेय आला तेव्हा पोरसवदा होता. नऊ वर्षं तो चुन्याच्या हौदांवर राबला, घोड्यांची कातडी चुन्यात बुडवून केस खरवडत राहिला. स्लोव्हाक माणसाला दुसरं काम कोण देणार? मग एकदा मुकादम व्हॅन आल्स्टीनच्या लक्षात आलं, की हा माणूस ओलं कातडं नुसतं चिमटीत धरून सांगतो, कुठला भाग घट्ट निघेल आणि कुठला सैल. तेव्हापासून त्याला माडीवरच्या उजेडातलं मेज मिळालं. बेसबॉलच्या हातमोज्यांचे तळवे कुठल्या कातड्यातून कापायचे ते तिथे ठरे. निवडलेल्या तळव्यावर मागच्या बाजूने ओंद्रेय निळ्या खडूने दोन रेघा आणि एक टिंब काढायचा.

ते टिंब वेरोनाला रोज दिसायचं. गावातल्या कितीतरी बायकांसारखी तीही घरीच शिवायची. खिडकीशी पायमशीन होतं. सोमवारी कारखान्याची गाडी कापलेल्या तळव्यांचा गठ्ठा टाकून जायची, ती आतून अस्तर लावून द्यायची. हातमोजा शिवायचा उलटा, मग कारखान्यात सुलटा करून तापलेल्या लोखंडी पंजावर चढवायचा. त्यात खडू पुसून जायचा. बाहेरच्या जगात कुठल्या पोराने चेंडू झेलला तर त्याला त्या दोन रेघांचा पत्ताही नसे. वेरोनाला मात्र आपल्या नवऱ्याच्या हाताखालून आलेल्या तळव्यावर सुई चालवताना बरं वाटायचं. तसं तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्या वर्षी मे महिन्यात तिच्या हाताला एक तळवा लागला आणि ती थबकली. तिने तो आतल्या बाजूला दुमडला. दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा वरच्या थराला बारीक सुरकुत्या पडल्या. पोटाकडचं, सैल कातडं. चार महिने खेळलं की असा तळवा फुगतो आणि सुटतो. तिने मागे वळवून पाहिलं. दोन रेघा, एक टिंब.

होतं एखाद्या वेळी, तिने मनाशी म्हटलं. आत लोकरीची एक पट्टी जास्तीची घालून अस्तर दुहेरी शिवलं. पुढच्या गठ्ठ्यात तसे चार निघाले. त्याच्या पुढच्यात नऊ. नऊच्या नऊ तिने पट्ट्या घालून सावरले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर मशीन चालवलं, आणि जेवताना ओंद्रेयसमोर कोबीचं सूप ठेवून नेहमीसारखं विचारलं, "आज माल कसा होता?"

"चांगला होता," तो म्हणाला.

तिने बोटांना चरबी चोळली. त्या दिवशी जरा जोरात चोळली, मुद्दामच. त्याने हात मागे घेतला नाही की डोळा वर केला नाही.

पण हजारो तळव्यांत तिच्या वाट्याला येणारे कितीसे? बाकीचे दुसऱ्या बायकांकडे जात होते आणि त्यांना त्या खुणेशी काही देणंघेणं नव्हतं. ऑगस्टमध्ये दुकानदारांकडून पेट्या परत यायला लागल्या. बातमी आणली ती इलोनानेच.

"तळवे फुगलेत म्हणे, भाजलेल्या पावासारखे. व्हॅन आल्स्टीन नुसता थयथयाट करतोय. त्या इटालियनला काढणार, शुक्रवारी."

"गेतानोला? त्याला का?"

"मग कुणाला? मेजावर दोघंच तर आहेत. एक तुझा, आणि तुझा तर चुकायचा नाही. व्हॅन आल्स्टीन सगळ्यांसमोर म्हणाला, बाब्चानच्या बोटांवर हात ठेवून मी बायबलसारखी शपथ घेईन." इलोना हसली. "बघ, चरबी फुकट गेली नाही तुझी!"

वेरोनाला हसता आलं नाही. तिने वळून खिडकी पुसायला घेतली.

गेतानो रूसो चाळिशीचा होता. तोही चुन्याच्या हौदांवरूनच वर आलेला. मेजावर येऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. रविवारी चर्च सुटल्यावर तो त्यांच्या दारात उभा राहिला. अंगात स्वच्छ सदरा होता आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"मिसेस बाब्चान, माफ करा, जेवायच्या वेळेला आलो. मेस्त्रो आहेत का?" ओंद्रेयला तो मेस्त्रोच म्हणायचा, आपल्याकडे उस्ताद म्हणतात तसं.

वेरोनाने त्याला बसवलं, खसखशीच्या पोळीचा तुकडा पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही. वर्तमानपत्र उलगडून त्याने तळव्याएवढे दोन तुकडे मेजावर ठेवले.

"मेस्त्रो, नोकरी मागायला नाही आलो. ती गेलीच. पण माझं चुकलं कुठे ते कळल्याशिवाय मला अन्न जात नाही. हा तुकडा मी घट्ट म्हटला असता. आणि हा दुसरा सैल म्हणून टाकला असता. तुम्ही बघा. माझी बोटं खोटं बोलतायत का, तेवढं सांगा."

ओंद्रेयने दुसरा तुकडा उचलला. अंगठा आणि दोन बोटं यांत धरून हळूहळू चोळला. अगदी जुन्या सवयीने, डोळे मिटून. वेरोना शेगडीपाशी उभी होती. तो तुकडा त्याच्या हातात किंचित दुमडला आणि तिला तिथून, चार पावलांवरून, सुरकुत्या दिसल्या.

"हा घट्ट आहे," ओंद्रेय म्हणाला.

गेतानोने तो तुकडा परत घेतला, स्वतः चोळून पाहिला, पुन्हा पाहिला. त्याचा चेहरा पडला.

"मग खरंच मला कळत नाही," तो म्हणाला. "बरं झालं विचारलं. बायकोला सांगत होतो, अन्याय झाला म्हणून. आता तसं नाही सांगायचा." तो उठला. टोपी घेताना त्याने ओंद्रेयच्या हाताला आदराने आपला हात लावला आणि गेला.

दार लागलं. वेरोना पुढे आली. गेतानो तो दुसरा तुकडा मेजावरच विसरला होता. तिने तो ओंद्रेयच्या नाकासमोर दुमडून धरला.

"डोळे उघड आणि बघ."

त्याने बघितलं. मान खाली घातली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ईस्टरच्या आधीपासून. आधी बोटांची टोकं बधिर झाली. मग सगळीच." तो सावकाश बोलत होता. "कानाने ऐकायचो, घट्ट कातडं चोळताना वेगळं वाजतं. उजेडात धरून बघायचो. म्हटलं, सोळा वर्षं केलंय, अंदाजाने जमेल."

"आणि तो बिचारा?"

"तुला माहीत होतं," ओंद्रेय एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या गठ्ठ्यांत आले असतील. तू शिवत राहिलीस."

पट्ट्या घालताना आपण त्याला वाचवतोय असं तिला वाटत होतं. त्या पट्ट्यांखाली गेतानो दबला जाईल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, की आलं होतं आणि तिने तिकडे बघायचं टाळलं होतं, ते तिचं तिलाही सांगता येईना.

"मी सांगू व्हॅन आल्स्टीनला?" शेवटी तिने विचारलं. "गठ्ठा घेऊन जाते. खूण दाखवते."

"नको. बायकोच्या पदराआडून नाही सांगायचं मला." तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. "त्याला मी तोंडावर खोटं सांगितलं, वेरोना. घट्ट आहे म्हणालो तेव्हा मला काहीच लागत नव्हतं. काहीसुद्धा नाही. हातात कातडं आहे की चिंधी, ते पण नाही."

सोमवारी तो गेला आणि दुपारीच परत आला. वेरोनाने मशीन थांबवलं.

"गेतानोला ठेवलं," तो म्हणाला. "मेज त्याच्याकडे."

"आणि तुला?"

"व्हॅन आल्स्टीन आधी मला खोटारडा म्हणाला. इटालियनला पाठीशी घालतोस, म्हणाला. मग त्याने माझ्या बोटावर टाचणी टोचली. दोनदा. मग टाचणी खाली ठेवली." ओंद्रेय खुर्चीत टेकला. "उद्यापासून खाली. चुन्याच्या हौदांवर."

"परत हौदावर? त्या चुन्यानेच तर बोटं खाल्ली. नाही म्हणायचं होतंस!"

"पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला दुसरं काय देणार ते? आणि एक बरं आहे," तो म्हणाला, "आता चुना भाजणार नाही मला."

ती चरबीची डबी आणायला उठली. त्याने मान हलवली. "राहू दे आता," म्हणाला.

पुढच्या सोमवारी गाडी नेहमीच्या वेळी आली. गठ्ठा सोडला तर आत तळव्यांवर निळ्या खडूने एक गोल होता, गेतानोचा, जरा वाकडा, नवशिक्या हाताचा. वेरोना खिडकीशी बसली आणि शिवायला घेण्याआधी एकेक तळवा दुमडून बघू लागली. पहिला घट्ट निघाला. दुसराही. तिला लाज वाटत होती, तरी ती बघत राहिली. दहा, वीस, चाळीस. एखादा तरी सैल निघावा, एकच, म्हणून तिने गठ्ठा तळापर्यंत उपसला.

सगळे घट्ट होते. तिने मशीनमध्ये दोरा ओवला आणि अस्तर लावायला सुरुवात केली.