करंगळीच्या कडेचे चक्र

सहा आठवड्यांपूर्वी टोकावड्याहून दामोदरच्या पत्नीचा, सुमनवहिनींचा फोन आला. "मास्तर, हे गेले," एवढेच त्या बोलल्या. मी शेणव्याच्या शाळेत वर्षानुवर्षे विज्ञान शिकवले. मुलांच्या चुका खोडून हात थकला. माझी एक चूक मात्र दामोदर दुरुस्त करून गेला. ती सांगायला हवी.

दामू माझा शाळासोबती. पोलीस खात्यात बोटांचे ठसे ओळखण्यात त्याची हयात गेली. निवृत्तीनंतर तो माझ्या वर्गावर येई, मुलांच्या बोटांना शाई लावी आणि भिंग हाती देऊन सांगे, रेषा तीन दिशांना फाकतात तिथे त्रिकोण दिसतो, तो शोधा. त्रिकोण नसेल तर कमान, एक असेल तर शंख, दोन असतील तर चक्र. दहा चक्रे भरली की मुले राजे होत. तो हसे. "राजा नाय रे, तू तूच हायेस, एवढंच कळतं यातून."

गेल्या वर्षी त्याला कर्करोग झाला. गोळ्यांनी तळहातांची साले निघाली, बोटे गुळगुळीत झाली... नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही शहापूरला गेलो. केंद्रातल्या मुलीने दहाही बोटे यंत्रावर टेकवून पाहिली, एकही जुळेना. बँकेत साहेबांसमोर सही केली तरी चालेल, असे मी सुचवले. दामूने यंत्रावरची बोटे उचलून न्याहाळली. मग म्हणाला, "जल्मभर कोर्टात सांगितलं, मानसाचा ठसा मरेपर्यंत बदलत नाय. आता माझाच नाय म्हणतो. सही नको. बोटच देईन."

कुठल्या बोटावर रेषा उरल्यात ते पाहायला दुपारी त्याच्या ओटीवर आम्ही दहा चौकटींचा कागद मांडला. नऊ चौकटींत नुसते करडे डाग उमटले. शेवटची डावी करंगळी मी कागदावर टेकवली, भिंगातून पाहिले. मध्यभाग पुसलेला, एका बाजूला एक त्रिकोण. मी पेन्सिलीने लिहिले, 'शंख'.

"मास्तर, दाबलंस. फिरवायचं असतं. नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. पोरांना काय शिकवलंस रं?"

मी ती करंगळी पुन्हा हातात घेतली. तिला वजनच नव्हते. हळूहळू फिरवली, आणि दुसऱ्या कडेला, जिथे कातडी शाबूत होती तिथे, दुसरा त्रिकोण उमटला. दामूने पेन्सिल घेतली, 'शंख' खोडले, थरथरत 'चक्र' लिहिले. "कडेला काय राह्यलंय ते बघितल्याबिगर निकाल द्यायचा नाय."

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या यंत्रावर त्याने करंगळी त्या कडेवर कलती धरली. दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला.

"झालं आजोबा! जिवंत आहात!"

"घरी फोन करून सांग गो. तिकडं कुनाला पटत नाय."

परतताना एसटीत तो माझ्या खांद्यावर झोपला, तो थेट टोकावड्यापर्यंत. मीही फार थकलो होतो. त्यानंतर तो तीन आठवडेही राहिला नाही.

तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. पेन्सिलीची दुरुस्ती मागाहून शाईने पक्की करायची, ही माझी जुनी सवय. दोनदा पेन उघडले... पण ती दोन थरथरती अक्षरे त्याची आहेत, 'शंख'वरची रेघही त्याचीच. मी पेन मिटून ठेवतो.